उकिरड्यावरची पणती

दिवाळीत पणत्या कुठे कुठे ठेवायच्या, हे आमच्या गावी ठरलेले असे. तुळशीपाशी, उंबऱ्यावर, गोठ्याच्या दाराशी, विहिरीच्या काठावर, आणि सर्वांत शेवटी उकिरड्यावर. ही शेवटची पणती न्यायचे काम पोरांकडे येई, कारण मोठ्यांना तेवढ्या अंधारात जायचा कंटाळा. सातारा जिल्ह्यातले आमचे ते गाव लहान. उकिरडे सगळे गावाच्या एका अंगाला, ओढ्याच्या वरच्या माळावर. पाडव्याच्या संध्याकाळी तिथे वीस-पंचवीस पणत्या मिणमिणत असत, आणि लांबून येणाऱ्या परक्या माणसाला वाटावे की इथे एखादे जागृत देवस्थान आहे. मी एकदा आजीला विचारले, "घाणीत दिवा कशाला लावायचा?" ती म्हणाली, "घाण काय म्हणतीस गं? फुडलं साल तिथनंच येतंय."

त्या वेळी मला ते कळले नाही. आज कळते, आणि कळल्यामुळे रागही येतो. म्हणून हा लेख. फराळाच्या ताटाशेजारी खरकट्याची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढची पाने उलटावीत. पुढे कथा आहेत, कविता आहेत, वार्षिक राशिभविष्यही असेल. पण दिवाळीत आपल्या घराघरांतून जेवढा केर निघतो तेवढा वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही आठवड्यात निघत नसेल. तेव्हा मुहूर्त काही वाईट नाही.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात आणि तिला लक्ष्मीच म्हणतात. त्याच रात्री उशिरा, पाडव्याची पहाट होण्याआधी, घर झाडून, सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर घालवतात. शहरात वाढलेल्या माझ्या विद्यार्थिनींना ह्यात विसंगती दिसते. केरसुणी लक्ष्मी आणि केर अलक्ष्मी, हे कसे? गावातल्या बाईला विसंगती दिसत नसे, कारण तिची अलक्ष्मी दारातून निघे ती उकिरड्यावर जाई, आणि मृगाच्या आधी गाडीत बसून शेतात पोचे. जोंधळा होऊन परत त्याच दारातून आत येई. दारातून बाहेर जाणारी आणि आत येणारी एकच होती. मध्ये फक्त वर्षभराचा काळ जाई.

त्या घरात स्वयंपाकघरातून 'कचरा' म्हणून काही निघतच नव्हते म्हटले तरी चालेल. भाजीची देठे, शेंगांची फोलपटे, कोंडा, भाताची पेज हे आंबोणात जाई आणि गाय ते खाई. गाईने नाकारलेले उकिरड्यावर. चुलीची राख भांडी घासायला, उरलेली पुन्हा उकिरड्यावर. मोरीचे पाणी परसात, आणि त्या पाण्यावर अळू आणि केळी. उकिरड्याच्या जागेवरून भावाभावांत भांडणे होत, वाटण्या होत तेव्हा त्या जागेचीही वाटणी होई. ज्याचा उकिरडा मोठा त्याच्या दारात गुरे जास्त, आणि सोयरीक जमवायला आलेला शहाणा म्हातारा घराच्या आधी उकिरडा पाहून घेई.

पण इथे थांबले पाहिजे. "आमच्या आज्या-पणज्या किती शहाण्या होत्या" हे पालुपद अलीकडे फार ऐकू येते. व्याख्यानांत ऐकू येते, पाककृतींच्या पुस्तकांत ऐकू येते. मला ते खपत नाही. माझी आजी मातीच्या बाबतीत शहाणी होती, हे खरे. माणसांच्या बाबतीत ती तशी नव्हती. आमच्या मागल्या दाराशी एक बाई शिळे मागायला येई. आजी तिच्या पदरात भाकरी वरून टाकी, आणि ओंजळीत पाणी ओती तेही वरून. गावात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम कोणाचे, हे कोणी ठरवायला बसत नसे. ते जन्मानेच ठरलेले होते. आणि गाव सोडून साताऱ्यासारख्या शहरात यावे तर तिथे एके काळी मैल्याची टोपली डोक्यावर घेऊन जाणारी माणसे होती, आणि ती कोणत्या जातीची, हे सांगायला नको. आजीचे वर्तुळ पुरे होते, पण ते पुरे करायला काही माणसे त्या वर्तुळाच्या बाहेर ठेवलेली होती. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरायचे ठरवले असेल तर विसरावे. मी ते वर्ग चालू असताना विसरू शकत नाही, कारण त्या मागल्या दारच्या बाईंच्या नाती-पणत्या आज माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात.

हा प्रश्न मातीचा आहे तितकाच शिवाशिवीचा आहे, हे ज्यांना फार आधी कळले त्यांत आप्पा पटवर्धन होते. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले भंगीकाम मला द्या, अशी त्यांची मागणी. सरकारने ती नाकारली, कारण आप्पा सवर्ण. काम मागणाऱ्याला काम मिळेना, कारण त्याची जात त्या कामाला 'लायक' नव्हती! आप्पांनी अन्न सोडले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबरात उपास धरला, तेव्हा कुठे सरकारला ह्या गोष्टीचा विचार करावा लागला. पुढे आप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी उभी केली आणि मैल्याचे सोनखत कसे करावे, संडास कसा बांधावा, ह्यावर उरलेले आयुष्य खर्च केले. ब्राह्मण माणूस, तर्कशास्त्र शिकवू शकला असता. तो खत कालवत बसला.

गाडगेबाबांची तर गोष्टच वेगळी. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले ते २००० साली, आणि ते काढणारे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील आमच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. ते अभियान चांगले होते. त्या दिवसांत गावे खरोखर हलली. पण आज गाडगेबाबांचे काय झाले आहे? शाळेच्या आणि कचेरीच्या भिंतीवर खराटा घेतलेला त्यांचा फोटो, त्याला हार, आणि फोटोखालचा केर काढायला कंत्राटी बाई. स्वच्छता सप्ताहात पाहुणे नवा कोरा झाडू हातात धरतात, फोटोग्राफर म्हणतो "साहेब, जरा खाली वाका", साहेब वाकतात, आणि झाडायला म्हणून थोडा पाला मुद्दाम आणून पसरलेला असतो. हे मी पाहिले आहे. पाला पसरायला मुलांना मैदानावर पाठवले होते.

आता आजच्या घराकडे येऊ. आजच्या घराला परसदार नाही, गाय नाही, उकिरडा नाही. सकाळी घंटागाडी येते, भोंग्यावर गाणे वाजते, आणि आपण पिशवीची गाठ मारून ती गाडीत फेकतो. पिशवी हातातून सुटली की आपल्या लेखी ती ह्या जगातून गेली. "आम्ही कर भरतो" हे त्यावरचे आपले तत्त्वज्ञान. कर आपण भरतो, आणि त्यासाठी किती कुरकुर करतो तेही आपल्याला ठाऊक आहे. पण कर भरणे म्हणजे आपले खरकटे दुसऱ्याच्या दारात टाकायचा परवाना विकत घेणे, असे कुठल्या पावतीवर लिहिले आहे? साताऱ्याचा केर वर्षानुवर्षे सोनगावच्या बाजूला गेला, सांगलीचा समडोळी रस्त्याला आणि मिरजेचा बेडग रस्त्याला. तिथेही माणसे राहतात. तिथली मुलेही वाऱ्याची दिशा पाहून खिडकी लावायला शिकतात. आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी कोणी एक केळीची साल टाकली तर आपण अर्ज करतो.

आमच्या चार माणसांच्या घरातला ओला केर मी एकदा महिनाभर तागडीत घातला. रोजचा अर्धा किलो ते पाऊण किलो. भाजीची देठे, चहाचा चोथा, कांद्याची साले, फळांच्या सालपटी, क्वचित विटलेला भात. ह्यात मोठे काय? पण शंभर घरांची गल्ली घ्या. दिवसाला पन्नास किलो म्हटले तरी वर्षाला अठरा टनांच्या वर जाते. ह्या अठरा टनांत तीन हिस्से निव्वळ पाणी. म्हणजे डिझेल जाळून, माणसांच्या पाठी मोडून आपण वर्षभर गावाबाहेर पाणी वाहून नेतो! आणि तेही घाण करून. कारण हा ओला केर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ढिगाखाली दाबला गेला की त्याला वारा लागत नाही. वारा नाही म्हणून तो कुजतो पण पिकत नाही. त्यातून मिथेन निघतो. तोच वायू उन्हाळ्यात पेट घेतो आणि ढीग दिवसच्या दिवस धुमसत राहतो. आपण वर्तमानपत्रात वाचतो, 'कचरा डेपोला आग', आणि चहाचा चोथा पुन्हा त्याच पिशवीत टाकतो.

विद्वान लोक मला सांगतात की बाई, हे घरोघरी करण्याचे काम नव्हे, मोठी यंत्रे आली की सगळे आपोआप होईल. यंत्रांशी माझे वैर नाही. पण काच, ब्लेड, औषधाची पाकिटे, बॅटरीचे सेल आणि वांग्याची देठे एकत्र कालवून दिल्यावर यंत्राने काय करावे? असल्या मिसळीचे खत चाळून काढले तरी त्यात काचेचे कण राहतात, आणि शेतकरी ते मुठीत घेऊन पाहतो तेव्हा त्याचे बोट कापते. दुसऱ्यांदा तो फुकट दिले तरी घेत नाही. तो अडाणी म्हणून घेत नाही असे नव्हे, त्याला आपली जमीन कळते म्हणून तो घेत नाही. निवडण्याचे काम यंत्राआधी व्हावे लागते, आणि ते होण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे भाजी चिरण्याचा ओटा. तिथे ते वेगळेच असते. आपण ते पिशवीत टाकून एकत्र करतो, मग दुसऱ्याने हात घालून ते वेगळे करावे असे म्हणतो. ओले-सुके वेगळे करा, असे २००० सालच्या नियमांत होते, २०१६ च्या नियमांत ते आणखी स्पष्ट झाले. नियम चांगले आहेत. फक्त ते ओट्यापर्यंत पोचलेले नाहीत.

शास्त्र म्हणाल तर तेही नवे नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने यशवंत वाड ह्यांना बरोबर घेऊन कंपोस्टाची जी पद्धत बसवली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पाचोळा, शेण, मूत्रात भिजलेली माती आणि राख ह्यांचे थर, तीनदा पालथे घालणे, आणि तीन महिन्यांत खत. हॉवर्डने इथल्या शेतकऱ्याला आपला गुरू म्हटले, ही त्याची सचोटी. आपल्याकडच्या लोकांना ते शेतकऱ्याचे ज्ञान इंग्रजी पुस्तकात छापून आल्यावर पटले, ही आपली. पुढे यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे ह्यांनी, लोक त्यांना नाडेपकाका म्हणत, भोके ठेवून बांधलेल्या विटांच्या हौदाची युक्ती काढली; थोड्या शेणात पुष्कळ पालापाचोळा कुजवायची. विटांमधली ती भोके म्हणजे सगळे रहस्य. ढिगाला श्वास घेऊ द्या, एवढेच.

आणि आमच्या भागातले म्हणाल तर श्री. अ. दाभोलकर. साताऱ्याच्या त्या प्रसिद्ध कुटुंबातले हे, देवदत्त आणि नरेंद्र ह्यांचे भाऊ. शेतीची पदवी नाही. हा माणूस गणिताचा शिक्षक! आम्हा शिक्षकांना त्यांचा अभिमान वाटावा, पण शिक्षकांच्याच खोलीत त्यांचे नाव विचारले तर दहांतले दोघे सांगतील. त्यांनी 'प्रयोग परिवार' जमवला. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी एकमेकांचे प्रयोग पाहायचे, एकमेकांना कळवायचे, चुकले तेही सांगायचे, असा तो व्यवहार. तासगावची द्राक्षे आज जी आहेत त्यांत ह्या गणिताच्या मास्तरांचा वाटा आहे. दहा गुंठ्यांत एक कुटुंब जगू शकते, असे ते आकडे मांडून दाखवीत. त्यांच्या त्या हिशोबात झाडाचा पाला, उसाचे चिपाड, घरातला ओला केर ह्यांतले काहीच टाकाऊ नव्हते. उन्हाचा तो साठा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याच विचारांवर मुंबईत गच्चीवरची शेती उभी राहिली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात हजारो कामगारांचे जेवण होई. तिथल्या अधिकारी प्रीती पाटील ह्यांनी २००२ च्या सुमारास त्या स्वयंपाकघराचा केर गच्चीवर चढवला आणि फळझाडे लावली. गोदीच्या काँक्रीटवर पेरू धरले. मग आमच्या विश्रामबागेच्या गच्चीवर काय अडचण आहे?

अडचण सांगते. मी गॅलरीत तीन माठ मांडले, भोके पाडलेले, एकावर एक. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. सज्जन गृहस्थ, निवृत्त. म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने असे करावे? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "वास येतो का?" ते म्हणाले, "वास नाही येत. पण तो कचरा आहे हे माहीत आहे ना सगळ्यांना!" मग रीतसर नोटीस आली, तीत 'सार्वजनिक आरोग्य' हा शब्द तीनदा होता. ह्या एका वाक्यात सगळे आले. वास नाही, माशी नाही, गळती नाही. पण तो कचरा आहे हे माहीत आहे. नाकाला काही लागले नव्हते, जे लागले ते मनाला. खरकट्याला शिवू नये, ते घरात ठेवू नये, ते उचलणारा निराळा असतो, ही शिकवण आमच्या हाडीमासी इतकी मुरली आहे की सहाव्या मजल्यावर लिफ्टने गेली तरी ती खाली उतरत नाही. जात गेली म्हणणाऱ्यांनी शेजारणीला एकदा आपला ओल्या केराचा डबा धरायला सांगून पाहावा.

दुसरी अडचण सांगायची म्हणजे माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडण काढावे लागते. ह्या विषयावर जे जे व्याख्यान होते ते "माता-भगिनींनो" असे सुरू होते. व्यासपीठावर पाच पुरुष, समोर दोनशे बायका. ओले वेगळे करा, भगिनींनो. माठ वर-खाली करा, भगिनींनो. म्हणजे भाजी आणणे, निवडणे, चिरणे, शिजवणे, वाढणे, उष्टी काढणे ह्यांच्या शेपटाला आणखी एक काम लावून दिले, आणि त्याला पर्यावरण असे भारदस्त नाव दिले. गावात उकिरड्याचे खत भरून शेतात नेणारा पुरुष होता, हे ह्या वक्त्यांना आठवत नाही. आमच्या घरी मी पहिल्याच दिवशी सांगितले की चिरणे माझे, माठ तुमचा. यजमानांनी आठ दिवस नाक धरले. नवव्या दिवशी त्यांना अळ्या दिसल्या आणि ते धावत आत आले. त्या काळ्या माशीच्या अळ्या, त्या काही करत नाहीत, उलट चार दिवसांत खरकटे फस्त करतात, हे मी त्यांना सांगितले, आणि वर मूठभर कोरडा पाला घालायला लावला. आता ते पाहुण्यांना माठ दाखवतात. इतके की पाहुण्यांना चहा द्यायला उशीर होतो.

बक्षिसांविषयीही थोडे बोलले पाहिजे. एक लाखाच्या आतल्या शहरांत कराडने २०२० साली देशात पहिला नंबर काढला. २०२१ साली विट्याने, २०२२ साली पाचगणीने, आणि त्याच वर्षी कराड पुन्हा तिसरे. सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांनी तीन वर्षे लागोपाठ पहिला नंबर घरात ठेवला, ह्याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही. विट्याच्या माणसाने त्या वर्षी जरा ताठ मानेने एस्टीतून उतरावे, हे योग्यच. पण मास्तरीण म्हणून नंबरांचा मला जुना अनुभव आहे. परीक्षेपुरता अभ्यास केलेल्या मुलाला जूनमध्ये काही आठवत नाही. पाहणी पथक येणार म्हणून भिंती रंगवणे वेगळे, आणि कोणी पाहत नसताना चहाचा चोथा वेगळ्या डब्यात टाकणे वेगळे. ह्या दुसऱ्या गोष्टीचे गुण कोणत्याच पथकाला देता येत नाहीत.

खत करून ते घालायचे कुठे, असे विचारणारे भेटतात. सांगलीत राहून हा प्रश्न विचारणाऱ्याची मला कमाल वाटते. कृष्णाकाठी वाळवा, मिरज तालुक्यांत जा. सोन्यासारखी काळी जमीन होती. वर्षानुवर्षे उसाला पाण्यात बुडवून, निचरा न करता, पोत्यापोत्याने रासायनिक खत ओतून ती क्षारपड केली. उन्हाळ्यात रानावर मिठासारखा पांढरा थर दिसतो. तिथे निव्वळ खताने भागणार नाही, आधी चर काढून पाण्याचा निचरा केला पाहिजे, हे मला ठाऊक आहे. पण जी जमीन अजून शाबूत आहे तिच्याही माती परीक्षणाचा कागद वाचा. पुष्कळांच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असतो. जमीन उपाशी आहे, आणि आपण तिचे जेवण डेपोत जाळतो. शेतकरीही ह्यात मागे नाही. ऊस गेला की पाचट पेटवून देतो. साखर कारखान्याकडून तरी शिकावे! तो चिपाडाची वीज करतो, मळीचे मद्यार्क करतो, प्रेसमडचे खत विकतो. त्याच्या अंगणातून फुकट काही बाहेर जात नाही. कारखानदाराला जे कळते ते घरधन्याला कळू नये?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो घेणाऱ्या बाईचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. आमच्या घंटागाडीवर एक बाई आहेत. कंत्राटी. मी त्यांना सांगितले की आता आमच्याकडून ओला केर मिळणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं हाय की. पर समद्यांनीच आसं केलं, तर आमची गाडी बंद करत्याली का हो बाई?" मला लगेच उत्तर देता आले नाही. घरोघरी खत होऊ लागले म्हणून माणसे कमी करणारा कोणी हिशोबी अधिकारी निघणारच नाही, अशी हमी मी कोण देणार? पण पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली आपली पंचायत बांधली, आणि २००८ साली त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा केर उचलू लागली. कोरडा केर कोरडा राहिला तर त्याला भाव येतो, आणि तो भाव वेचणारणीच्या हातात पडतो. खरकट्यात भिजलेल्या कागदाला कोणी विचारत नाही. ओले आपण घरात ठेवले तर त्यांचे काम जात नाही, त्यातली किळस जाते. मात्र नोकरी जाणार नाही हे आपण नगरसेवकाच्या दारात जाऊन बजावले पाहिजे. हे न करता नुसते माठ मांडणारा माणूस माझ्या मते अर्धेच काम करतो. ह्या बाईंच्या हाताला मागच्या पावसाळ्यात ब्लेड लागले होते. कोणाच्या तरी पिशवीत, डाळ-भातात मुरलेले ब्लेड. ते कोणाच्या घरातले, हे कधीच कळणार नाही; ते कोणत्याही घरातले असू शकते, माझ्याही.

ज्यांच्याकडे एकच खोली आहे, ज्यांच्या दारातून गटार वाहते, त्यांना मी हे सांगायला जात नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नाडेप हौद बांधून देणे हे शहराचे काम आहे, आणि ते शहराने करावे. माझे भांडण आहे ते गॅलरीवाल्यांशी, गच्चीवाल्यांशी, बंगल्याच्या आवारात शोभेची हिरवळ लावून तिला पोत्यातले खत विकत आणणाऱ्यांशी, आणि मंगल कार्यालयात तीनशे पाने वाढून दीडशे उष्टी टाकणाऱ्यांशी. ह्या लोकांसाठी दुकानांत आता रंगीत डबे आणि जिवाणूंची पुडी मिळू लागली आहे. घ्यायची असेल त्यांनी घ्यावी. मला तिची गरज पडली नाही. कुंभाराकडचा माठ, बुडाला आणि बाजूंना भोके. तळाशी नारळाच्या शेंड्या. मग ओला केर, बारीक करून, पाणी निथळून. त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त कोरडा पाला, नाहीतर रसवंतीवरचे वाळलेले चिपाड कुटून, नाहीतर सुताराकडचा भुसा. ओल्यात नत्र असते, कोरड्यात कर्ब. कर्ब नत्राच्या पंचवीस-तीस पट असला की काम सुरळीत चालते, पण तागडी घेऊन बसायचे कारण नाही. वास आला तर कोरडे कमी पडले आहे. काहीच हालचाल नसेल तर पाणी शिंपडा. मुठीत दाबून पाहिले तर हाताला ओल लागावी, थेंब पडू नये. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा आंबट ताक. तेलकट, दुधाचे आणि हाडे ह्यात घालू नयेत. आठवड्याने एकदा हलवायचे. एक माठ भरला की दुसरा. दोन-अडीच महिन्यांनी पहिल्यातून जे निघते ते काळे, भुसभुशीत असते, आणि त्याला पहिल्या वळवाचा वास येतो. दहा किलोचे दोन किलो उरते. आमच्या कढीलिंबाने त्यावर उंची पकडली आहे, आणि कढीलिंब मागायला येणाऱ्यांत सेक्रेटरींच्या घरचे पहिले असतात.

यंदा पाडव्याला एक पणती त्या माठापाशी ठेवायची ठरवली आहे. मुलांना आजीची गोष्ट सांगितली आहे. सेक्रेटरींनाही आगाऊ कळवले आहे, कारण सार्वजनिक आरोग्यानंतर आगीच्या धोक्याची दुसरी नोटीस यायची शक्यता आहे. ते म्हणाले, "दिवा लावा बाई, दिव्याला काय हरकत आहे?" मग जरा घुटमळून त्यांनी विचारले की ती भोके पाडायला कुंभार किती घेतो.